इंग्लिश खाडी ओलांडताना: मोटारसायकल बोटीवर चढवावी की बोगद्याच्या रेल्वेत?

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्राखाली बोगदा आहे हे आपण शाळेत वाचलेले असते आणि त्यामुळे दिव्यांनी उजळलेल्या लांबलचक भुयारातून आपणच गाडी चालवत फ्रान्समध्ये बाहेर पडू, असे चित्र अनेकांच्या मनात पक्के बसलेले असते. पुण्याहून माझ्याकडे आलेल्या एका मित्राने तर बोगद्यात पेट्रोल पंप कितव्या किलोमीटरवर आहे, असेच विचारले होते. प्रत्यक्षात ६ मे १९९४ रोजी उद्घाटन झालेला हा सुमारे साडेपन्नास किलोमीटरचा बोगदा केवळ रेल्वेचा आहे. दोन बोगद्यांतून गाड्या धावतात आणि त्यांच्यामधला तिसरा, लहान बोगदा देखभालीसाठी व संकटकाळी बाहेर पडण्यासाठी राखलेला आहे. मोटारसायकल इंग्लंडच्या बाजूला फोकस्टनला एका बंद डब्यात चढवायची, पस्तीस मिनिटे तिच्याशेजारी उभे राहायचे आणि फ्रान्समध्ये कॅलेजवळच्या कोकेल येथे उतरवायची, एवढाच तो प्रवास आहे.

दुसरा मार्ग बोटीचा. डोव्हरहून कॅलेला सुमारे दीड तासात आणि डंकर्कला सुमारे दोन तासांत बोट पोहोचते. पण बोटीचा विचार डोव्हरपाशीच थांबवला, तर तुलना पहिल्याच पायरीवर चुकते. पस्तीस मिनिटे विरुद्ध नव्वद मिनिटे या हिशेबाला मोटारसायकलस्वाराच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही, कारण तपासणी आणि रांगेचा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच जातो. खरा प्रश्न असा आहे की, घराच्या दारापासून पहिल्या रात्रीच्या मुक्कामापर्यंत किती किलोमीटर चालवावे लागणार आणि तिथे आपण कोणत्या अवस्थेत पोहोचणार.

आधी नकाशा, मग तिकीट

म्हणून पहिली पायरी ही की, नकाशावर दोनच खुणा कराव्यात: आपले घर आणि ज्या रस्त्यांसाठी आपण निघालो आहोत तो प्रदेश. खाडी कुठे ओलांडायची हे या दोन खुणांनी ठरवावे. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. मला फोकस्टन सुमारे तीनशे किलोमीटर आणि पोर्ट्समथ सुमारे सव्वादोनशे किलोमीटर पडते. आल्प्सला जायचे असेल तर कॅले सोयीचे आहे, कारण तिथून रॅंसमार्गे जाणारा द्रुतगती मार्ग कंटाळवाणा असला तरी सरळ आहे. पण नॉर्मंडी किंवा ब्रिटनी पाहायची असेल तर आधी कॅलेला जाऊन मग पश्चिमेकडे वळणे म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे. त्यापेक्षा पोर्ट्समथहून सुमारे सहा तासांत विस्त्रेहामला, म्हणजे कां शहराच्या बंदरात उतरता येते आणि धक्क्याच्या बाहेर पडताच १९४४ च्या लढाईतला किनारा समोर असतो. न्यूहेवन ते द्येप ही चार तासांची बोट लंडनच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना विशेष सोयीची आहे.

स्पेनच्या बाबतीत हा हिशेब आणखी स्पष्ट होतो. कॅले ते स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचे सांतांदेर हे अंतर सुमारे तेराशे किलोमीटर आहे. ते अंतर द्रुतगती मार्गाने कापायचे तर पथकर, पेट्रोल, मधला एक मुक्काम, मागच्या टायरची मधोमध होणारी सपाट झीज आणि दोन दिवसांचा शीण एवढे सगळे पदरात पडते. प्लिमथहून निघालेली बोट सुमारे वीस तासांत सांतांदेरला पोहोचते आणि तिथून ‘पीकोस दे एउरोपा’ या डोंगररांगेतले घाट दोन-अडीच तासांवर येतात. बोटीचे तिकीट आणि खोलीचे भाडे ऐकून माणूस दचकतो, पण वर सांगितलेल्या खर्चाची बेरीज केल्यावर बोट तितकी महाग राहत नाही. मात्र बिस्केच्या उपसागरातल्या लाटा हिवाळ्यात आणि त्याच्या आगेमागे पोट ढवळून काढतात, हेही लक्षात ठेवावे.

उत्तरेकडे राहणाऱ्यांनी तर बोगद्याचा विचार दुसऱ्या क्रमांकावरच ठेवावा. एडिंबराहून फोकस्टन साडेसातशे किलोमीटर आहे आणि न्यूकासल त्याच्या पावपट अंतरावर. न्यूकासलची बोट रात्रभर प्रवास करून सकाळी ॲम्स्टरडॅमजवळच्या आयमाउडनला पोहोचवते. हल ते रॉटरडॅमजवळचे युरोपोर्ट आणि हारविच ते हूक ऑफ हॉलंड या रात्रीच्या बोटीही जर्मनीकडे जाणाऱ्यांसाठी उत्तम आहेत. झोपेत समुद्र ओलांडणे हा बोटीचा एक असा गुण आहे की, बोगद्याकडे त्याला उत्तर नाही.

मग बोगदा कोणी निवडावा? इंग्लंडच्या दक्षिण किंवा मध्य भागात राहणाऱ्याने, ज्याच्याकडे चारच दिवसांची सुटी आहे आणि ज्याला फ्रान्सच्या पूर्वेकडे, बेल्जियममध्ये किंवा आल्प्समध्ये जायचे आहे, त्याने डोळे मिटून बोगदा घ्यावा. बोट लागणाऱ्यानेही तोच घ्यावा. बोटीवर गाडी दोऱ्यांनी बांधण्याची धास्ती वाटणारे आणि नवी कोरी गाडी नजरेआड करायला तयार नसणारे अनेकजण असतात. त्यांनाही बोगदा मानवतो, कारण त्यात स्वार आणि गाडी यांची ताटातूट होत नाही. वाऱ्यावादळाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. डोव्हर बंदर मोठ्या वादळात बंद ठेवावे लागते. अर्थात रेल्वेचा डबा किंवा वीज बिघडली की बोगद्याच्याही रांगा लांबतात, त्यामुळे तो कधीच अडत नाही असे समजू नये. पैशांपुरते बोलायचे तर डोव्हर–कॅले बोट सहसा बोगद्यापेक्षा स्वस्त पडते, आणि सुट्यांच्या शुक्रवारी-शनिवारी दोन्हींचे दर चढतात.

तिकीट काढताना

गाडीचा प्रकार अचूक नोंदवावा. साइडकार किंवा मागे जोडलेला ट्रेलर असेल तर तो लपवून चालत नाही, कारण त्यासाठी वेगळी जागा लागते. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकाच मार्गाचे असलेच पाहिजे असे नाही. मी स्वतः जाताना बोगदा आणि परतताना विस्त्रेहामची बोट असा मेळ अनेकदा घातला आहे, कारण जाताना उत्साह असतो आणि येताना झोप हवी असते. परतावा आणि बदल यांच्या अटी वाचून मगच पैसे भरावेत. बोगद्याच्या बाबतीत वेळेआधी पोहोचल्यास, जागा असेल तर, आधीच्या गाडीत घेतात, असा माझा अनुभव आहे. पण तो तिकिटाच्या प्रकारावर अवलंबून असतो. फ्रान्सचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असते, आणि तिकिटावरील वेळ त्या त्या बाजूची स्थानिक असते. परतीच्या प्रवासात या एका तासाने भल्याभल्यांना फसवले आहे.

कागदपत्रे

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी स्वारांनी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, वेळेत काढावा. ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना शेंगेन देशांत चालत नाही. दौऱ्यात ब्रिटनला परत येऊन पुन्हा युरोपात जायचे असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी संगणकीय नोंदणी सुरू झाली असून, चेहऱ्याचे छायाचित्र व गरजेनुसार बोटांचे ठसे घेतले जातात. त्यामुळे हेल्मेट आणि हातमोजे काढून, पासपोर्ट हाताशी ठेवूनच खिडकीपाशी जावे. डोव्हर आणि फोकस्टन येथे फ्रेंच अधिकारी इंग्लंडच्या भूमीवरच तपासणी करतात, म्हणून पलीकडे उतरल्यावर थेट रस्त्याला लागता येते. रात्रीच्या लांब बोटींच्या मार्गांवर मात्र ही तपासणी उतरल्यावर होते, आणि सकाळची ती रांग वेळापत्रकात धरावी लागते.

गाडीचे मूळ नोंदणीपत्र, विम्याचे प्रमाणपत्र आणि वाहन परवाना सोबत असावा. भारतातून आलेल्यांनी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्याबरोबरच दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये भाड्याने घेतलेली गाडी खाडीपलीकडे न्यायची असेल, तर मालकाची लेखी परवानगी आणि ‘व्हीई १०३’ हे भाड्याच्या वाहनाचे प्रमाणपत्र लागते. ऐनवेळी ते मिळत नाही, त्यामुळे गाडी ठरवतानाच ते मागून घ्यावे. ब्रिटिश गाडीवर सप्टेंबर २०२१ पासून ‘जीबी’ऐवजी ‘यूके’ अशी खूण लागते. फ्रान्समध्ये प्रमाणित हातमोजे घालणे आणि चमकदार जाकीट जवळ बाळगणे सक्तीचे आहे. हेडलाइटचा झोत डावीकडे पडणारा असेल, तर त्यावर चिकटवायची पट्टी घ्यावी.

एक सूचना खास आपल्या लोकांसाठी. ब्रिटनमधून युरोपीय संघाच्या देशांत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. घरचे साजूक तूप, श्रीखंड आणि पेढे घरीच ठेवावेत. चिवड्याला कोणी अडवत नाही. जादा पेट्रोलचा कॅन नेऊ नये, आणि स्वयंपाकाच्या लहान गॅस सिलिंडरविषयी तिकिटाच्या अटी आधी वाचाव्यात.

बोगद्याची रेल्वे: प्रत्यक्षात काय होते

एम-२० या मार्गावरून येताना ११ए या फाट्यावर बोगद्याकडे थेट वळता येते. बंदरे तुंबली की याच मार्गावर मालट्रकांसाठी वेगळी मार्गिका आखून वेगमर्यादा कमी करतात, त्यामुळे निघण्यापूर्वी वाहतुकीची स्थिती पाहावी. नोंदणीच्या खिडकीवर क्रमांक पाहून एक चिठ्ठी देतात, तिच्यावर अक्षर असते. त्या अक्षराची घोषणा झाली की निघायचे. तोपर्यंत इमारतीत चहा-खाणे आणि स्वच्छतागृह उरकून घ्यावे, कारण रेल्वेत खायला काही मिळत नाही.

मोटारसायकलींना सहसा मोटारींपासून वेगळे काढून एकत्र चढवतात. फलाटावरून डब्यात शिरताना जवळजवळ काटकोनात वळावे लागते. दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पेट्या, लावलेल्या, मागे माणूस बसलेल्या जड गाडीला ते वळण अरुंद वाटते, म्हणून पहिला गिअर, अर्धवट क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर चाकापुढच्या जमिनीवर न ठेवता डब्याच्या आतल्या टोकाकडे, असे वळावे. पुढचा ब्रेक या वळणात दाबू नये.

आत कर्मचारी सांगतील तिथे, बहुधा तिरकी, गाडी उभी करायची. साइड स्टँड लावून, इंजिन बंद करून ती पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. दोरी नाही, पट्टा नाही. रेल्वे सुटताना आणि थांबताना गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभे राहिले की पुरते. बाकीचा वेळ ती हलत नाही. बसायला जागा नसते, डबा उबदार असतो आणि पावसाळी जाकिटात घाम फुटतो, म्हणून चेन उघडून घ्यावी. कानात थोडे दडे बसतात. पाहण्यासारखे काहीच नाही. डब्यातल्या इतर स्वारांशी गप्पा होतात आणि निम्म्या गप्पा कोणत्या घाटात पाऊस आहे याविषयी असतात. पस्तीस मिनिटांनी दार उघडते आणि थोड्याच वेळात आपण ए-१६ या द्रुतगती मार्गावर, उजव्या बाजूला असतो. बोगद्याचा एक तोटा इथेच आहे. डोके अजून इंग्लंडमध्ये असताना चाके फ्रान्समध्ये पोहोचलेली असतात.

बोट: बांधणीवर सगळे अवलंबून

कोकणात दाभोळ–धोपावे किंवा आगरदांडा–दिघी फेरीबोटीवर गाडी चढवलेल्याला उताराच्या लोखंडी फळीची भीती नवी नाही. फरक एवढाच की, तिथे आपण दहा-पंधरा मिनिटे गाडी धरून उभे राहतो आणि इथे गाडी खाली बांधून वर जावे लागते. समुद्रात असताना वाहनांचा मजला बंद असतो. म्हणून औषधे, कागदपत्रे, मोबाइलची तार, गरम कपडे आणि रात्रीची बोट असेल तर बदलायचे कपडे एका वेगळ्या पिशवीत आधीच काढून ठेवावेत. पाठीमागे रांग लागलेली असताना पॅनिअर उघडून टूथब्रश शोधणारा माणूस सगळ्यांच्या शिव्या खातो.

चढणीचा मजला रंगवलेल्या लोखंडाचा असतो आणि तो ओला असला म्हणजे तेल सांडल्यासारखा घसरतो. जोडांच्या पट्ट्या व कड्या शक्यतो सरळ ओलांडाव्यात, गाडी तिरकी असताना ओलांडू नयेत. समोरची गाडी चढणीच्या मध्यावर थांबू शकते. म्हणून ती वर पोहोचल्यावरच आपण निघावे. पाय टेकवण्याची जागाही आधी पाहून घ्यावी, कारण बुटाखाली कडी आली तर जड गाडी सावरत नाही.

जागेवर आल्यावर क्रम असा ठेवावा. गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून इंजिन बंद करावे, साइड स्टँड लावावा आणि हँडल स्टँडच्या बाजूला पूर्ण वळवावे. मेन स्टँडवर गाडी ठेवण्याचा मोह होतो, पण तिथे तिचे वजन उंचावर आणि अरुंद पायावर येते, त्यामुळे कर्मचाऱ्यांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय तो लावू नये. पुढच्या ब्रेकचा दांडा दाबून चिकटपट्टीच्या बंदाने हँडलला बांधून टाकला की, गाडी पुढे-मागे सरकत नाही. हा बंद खिशात मावतो. बोटीवरच्या सामानात तो नसतो.

यानंतर पट्टा. बहुतेक बोटींवर सीटवर गादी ठेवून तिच्यावरून एक रॅचेटचा, म्हणजे दातेरी खटक्याने ताणायचा, पट्टा टाकतात आणि दोन्ही बाजूंच्या जमिनीतल्या कड्यांना ताणून बांधतात. काही ठिकाणी कर्मचारी बांधतात, काही ठिकाणी पट्टे पुढ्यात टाकून निघून जातात. पट्टा सीटवरून किंवा चौकटीच्या भक्कम भागावरून जावा. हँडलच्या टोकांना, सामानाच्या जाळीला, पॅनिअरला किंवा इंडिकेटरला तो कधीही अडकवू नये. गाडी स्टँडवर घट्ट दाबली जाईल इतका ताण द्यावा, पण सस्पेन्शन पार खाली बसेल इतका देऊ नये. मग हाताने गाडी दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. गाडी न हलता आपलेच अंग हलले की बांधणी बरोबर आहे.

हे कर्मचाऱ्याने केले असले तरी स्वतः तपासावे, आणि हे मी किंमत मोजून शिकलो. एका प्रवासात घाईघाईने बांधणारा माणूस गादी न ठेवताच पट्टा ओढून मोकळा झाला आणि मी भिडेपोटी गप्प राहिलो. उतरताना सीटचे आवरण फाटलेले होते आणि टाकीवर पट्ट्याच्या कडीचा ओरखडा होता. तेव्हापासून मी एक जुना टॉवेल आणि एक चांगला रॅचेटचा पट्टा नेहमी सोबत नेतो. पट्टा उघडायची रीत घरी अंगणात दोन-तीनदा करून पाहावी. उतरण्याच्या गडबडीत अडकलेले रॅचेट उघडण्याइतका चिडचिडा प्रसंग दुसरा नाही.

चोराचा अलार्म बंद करावा, नाहीतर बोट हलली की तो वाजत राहतो आणि बॅटरी उतरते. वर जाण्यापूर्वी मजल्याचा क्रमांक आणि जिन्याचा रंग यांचा फोटो काढावा. बोट लागण्याची सवय असेल तर गोळी बोट सुटण्याआधी घ्यावी, सुरू झाल्यावर नाही, आणि झोप आणणारी गोळी लगेच गाडी चालवायची असताना घेऊ नये. घोषणा झाल्याशिवाय खाली जाऊ नये, आणि पुढचे दार उघडून रांग हलेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

या सगळ्या उठाठेवीच्या बदल्यात डोव्हरची बोट दीड तासाची खरी विश्रांती देते. गरम जेवण होते, नकाशा पसरता येतो, आणि डोव्हरचे पांढरे कडे मागे पडताना दिसतात. पहाटे चारला घरून निघालेल्याला हा थांबा बोगद्याने वाचवलेल्या तासापेक्षा मोलाचा वाटतो. मला तरी वाटतो.

पलीकडे, आणि पुढचे बोगदे

उजवीकडून चालवण्याची अडचण बंदरातून निघताना येत नाही, कारण तिथे सगळ्यांच्या मागे जायचे असते. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना येते. टाकीवर उजवीकडे बाण काढलेली चिकटपट्टी लावावी. हसणारे हसोत.

आल्प्समध्ये मात्र बोगद्यातून खरोखरच गाडी चालवावी लागते. १९६५ साली सुरू झालेल्या ११.६ किलोमीटरच्या माँ ब्लां बोगद्यात २४ मार्च १९९९ रोजी आगीत ३९ जणांचा बळी गेला. बोगद्याचा मोटारसायकलवरचा सुरक्षारक्षक पिअरलुचिओ तिनात्सी लोकांना वाचवायला पुन्हा पुन्हा आत गेला आणि त्यातच मरण पावला. तेथे दोन वाहनांत दीडशे मीटर अंतर ठेवण्याचा आणि ताशी ५० ते ७० किलोमीटर वेगाचा नियम आहे. तो काटेकोरपणे पाळावा. स्वित्झर्लंडमधल्या सुमारे १७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्याला वेगळा पथकर नाही, पण द्रुतगती मार्गांचे वार्षिक परवाना-चिन्ह मोटारसायकललाही लागते. आत शिरण्यापूर्वी हेल्मेटची काळी काच वर करावी किंवा बदलावी. उन्हाळ्यात खिंड उघडी असेल तर मी वरूनच जातो.

परतल्यावर दोन कामे लगेच करावीत. बोटीच्या मजल्यावरचा खारा ओलावा साखळीला आणि नटबोल्टना लागलेला असतो, म्हणून गाडी गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे. आणि हेडलाइटवरची पट्टी, टाकीवरचा बाण हे दोन्ही त्याच संध्याकाळी काढून टाकावेत, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तो बाण चुकीच्या बाजूला नेतो.